मुंगी मेली

परवा संध्याकाळी पाळणाघरातून येताना लेक आमच्या जिन्यात पडला. तिसऱ्या मजल्याच्या वळणावर एक फरशी कित्येक महिने उखडलेली आहे, सोसायटीच्या प्रत्येक मीटिंगमध्ये तिच्यावर चर्चा होते आणि पुढच्या मीटिंगपर्यंत ती तशीच राहते, नेमकी तिथेच. माझ्या एका हातात भाजीची पिशवी, खांद्याला ऑफिसची पर्स, काखेत त्याची वॉटरबॅग. धप्पकन आवाज आला आणि माझ्या तोंडून आपोआप निघालं, "मुंगी मेली, मुंगी मेली! काही नाही झालं!" गुडघा खरचटला होता, रक्ताचे दोन बारीक ठिपके आले होते. खालचा ओठ बाहेर काढून तो रडायच्या बेतात होता. पण रडायचं सोडून तो खाली वाकला, फरशीवर इकडेतिकडे नीट बघितलं आणि शांतपणे म्हणाला, "कुठे मेली? दाखव."

मी काय दाखवणार?

हे "मुंगी मेली" कुणी शोधून काढलं कोण जाणे. माझ्या आईने मला म्हटलं, तिला तिच्या आईने म्हटलं असणार. मूल धडपडलं की कुणी मुंगी मारतं, कुणी उंदीर पळवतं, कुणी जमिनीलाच दोन रट्टे देतं. आपण ते इतक्या घाईने म्हणतो, की मूल रडेल याच्यापेक्षा आपल्याच पोटात जो गोळा येतो त्याच्यावर ते झाकण घातलेलं असावं असं मला हल्ली वाटतं. चार वर्षं मी अशा मुंग्या मारत आले आणि पोराने एकाही मुंगीचा पुरावा मागितला नव्हता. तो पुरावे मागायला लागला सप्टेंबरपासून. ऑपरेशन झालं तेव्हापासून.

जुलैतल्या एका रविवारी त्याला न्हाऊ घालत होते. शांपू डोळ्यांत गेला म्हणून त्याने भोकाड पसरलं, आणि उजव्या जांघेत सुपारीएवढा फुगवटा वर आला. मी बोट लावलं तर मऊ, गुळगुळीत. तो रडायचा थांबला, हुंदके ओसरले आणि फुगवटा गेला. हात पुसत बाहेर येऊन नवऱ्याला म्हटलं, "गाठ दिसली." हा शब्द मी उच्चारायला नको होता. मुंबईत वाढलेल्या माणसाला गाठ म्हटलं की परळ, तिथलं टाटा कॅन्सर हॉस्पिटल आठवतं, आणि परळ आठवलं की पुढचं काही ऐकू येत नाही. नवऱ्याने पेपर बाजूला ठेवून पोराला आडवं केलं, दाबून बघितलं, काहीच सापडलं नाही. "गॅस असेल," तो म्हणाला. आमच्या घरात छातीत दुखण्यापासून परीक्षेच्या भीतीपर्यंत सगळं गॅसच असतं. आठवडाभर मी रोज आंघोळीच्या वेळी त्याला मुद्दाम रडवावं की काय, असा विचार करत होते. एकदा तर गुदगुल्या करून हसवलं, तेव्हा ती परत आली. मी ओल्या हाताने फोन घेऊन फोटो काढला. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी तो बघून लहान मुलांच्या सर्जनकडे पाठवलं आणि वर सांगितलं, "दिसेल तेव्हा फोटो काढत जा, दवाखान्यात ती दिसेलच असं नाही." तेव्हापासून माझ्या फोनमध्ये वाढदिवसाचा केक, राणीच्या बागेतले पेंग्विन आणि मध्येमध्ये जांघेचे क्लोजअप असा अल्बम तयार झाला. ऑफिसात कुणी "मुलाचा फोटो दाखव ना" म्हटलं की मी दचकायचे.

सर्जन मध्यमवयीन, हळू बोलणारे. त्यांनी पोराच्या हातात फुगा दिला आणि फुगवायला सांगितला. चार वर्षांच्या मुलाकडून फुगा फुगत नाही, पण तो जो जीव खाऊन जोर लावतो तेवढ्याने काम झालं. डॉक्टरांनी दोन बोटांनी तपासलं, मान डोलावली आणि कागद उलटा करून पेनने चित्र काढलं. मुलग्याचं वृषण आधी पोटात असतं. सातव्या महिन्यानंतर ते खाली उतरतं, जाताना पोटाच्या आतल्या अस्तराची एक पिशवी बोटमोज्यासारखी बरोबर ओढून नेते. मागून ती वाट बुजायला हवी. काहींची बुजत नाही, आणि मग रडलं, खोकलं, जोर केला की आतड्याचा एखादा वेढा त्या वाटेने खाली डोकावतो. हाच हर्निया. उजव्या बाजूला जास्त, कारण उजवं वृषण उशिरा उतरतं. मुलग्यांत जास्त. आणि पूर्ण दिवस न भरता जन्मलेल्यांत तर आणखी जास्त. आमचा दीड महिना आधी आला होता. डॉक्टर एवढंच म्हणाले आणि पुढे बोलायला लागले, पण मी तिथेच अडकले. म्हणजे मी दार लावून घ्यायच्या आधीच त्याला बाहेर काढलं. आठव्या महिन्यात दादरच्या ब्रिजवरून धावत गाडी पकडली होती, ते आठवलं. डॉक्टरांना हा चेहरा ओळखीचा असणार. ते थांबले आणि म्हणाले, "आई, तुम्ही काही केलं म्हणून हे झालेलं नाही." मी मान हलवली. पटलं अजिबात नाही.

"आपोआप बरं होईल ना?" नवऱ्याने विचारलं. बेंबीचा असता तर थांबलो असतो, डॉक्टर म्हणाले, तो बहुतेक मुलांचा चार-पाच वर्षांपर्यंत आपला आपण बुजतो. जांघेचा बुजत नाही, त्याला ऑपरेशनच. नवऱ्याने "जाळी घालणार का?" असंही विचारून घेतलं, कारण त्याच्या मोठ्या काकांना घातली होती. डॉक्टर हसले. मोठ्यांचा हर्निया म्हणजे झिजलेली भिंत, तिला जाळीचा टेकू लागतो. मुलांची भिंत चांगली असते, दार तेवढं उघडं राहिलेलं असतं. ती पिशवी वरच्या टोकाला बांधून टाकली की झालं. अर्धा-पाऊण तास, संध्याकाळी घरी. हे सगळं इतक्या साध्या आवाजात सांगून मग त्यांनी त्याच आवाजात सांगितलं, की फुगवटा टणक झाला, दाबूनही आत जाईना, लाल दिसायला लागला, पोराला उलट्या व्हायला लागल्या, तर रात्री दोन वाजताही थेट हॉस्पिटलात आणायचं, सकाळची वाट बघायची नाही.

रात्री दोन वाजता, हे शब्द मी पुढचे दोन महिने उशाला घेऊन झोपले. पोराने कूस बदलली तरी माझा हात अंधारात त्याच्या चड्डीकडे जायचा. दिवसा पाळणाघरातून फोन आला की स्क्रीनवरचं नाव वाचेपर्यंत माझे पाय गार पडायचे, आणि पलीकडून मावशी विचारायच्या, "उद्या पिवळा टीशर्ट घालून पाठवता का, कलर डे आहे."

आई ऐकून म्हणाली, "अगंबाई, अंतर्गळ!" आणि लगेच तोंडावर हात ठेवला, कारण स्वयंपाकघराच्या दारात बाबा उभे होते.

हर्नियाचा हा जुना मराठी शब्द मी लहानपणी एकदाच ऐकलेला. आम्ही तेव्हा लालबागला चाळीत राहायचो, दहा बाय बाराची खोली. दाराच्या मागे खुंटीवर बाबांचा पंचा टांगलेला असायचा आणि पंचाखाली एक चामडी पट्टा, त्याला मुठीएवढी गादी शिवलेली. कशाचा म्हणून विचारलं की आई म्हणायची, "कामाचा." खोटं नव्हतं. बाबा गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ला संप झाला, त्यांची गिरणी परत त्यांच्यासाठी उघडलीच नाही, आणि मग ते दाणाबंदरला गोणी उचलायला जायला लागले. तिथेच कधीतरी जांघेत उतरलं. मी जन्मले तेव्हा पट्टा आधीच घरात आलेला होता. सकाळी ते पडद्याआड जाऊन तो कसायचे, तेव्हा चामड्याचा करकर आवाज यायचा. रात्री काढला की कमरेवर घामाने भिजलेला लाल वळ दिसायचा, तो आम्ही बघितला की ते पाठ फिरवायचे. नळावर पोरं काहीतरी बोलून हसायची. काय ते मला कळायचं नाही, पण बाबा गेले की हसायची एवढं कळायचं. मी सहा-सात वर्षांची असताना एका रात्री ते फरशीवर गुडघे पोटाशी घेऊन पडले होते आणि आई खालच्या मजल्यावरच्या काकांना हाका मारत होती. टॅक्सीने केईएमला नेलं, रात्रीतच ऑपरेशन झालं. आम्हा मुलांना सांगितलं, बाबांच्या पोटात दुखत होतं, गॅस झाला होता.

पट्टा त्यानंतर दिसला नाही. कुणी विचारलंही नाही.

ऑपरेशनची पहिली तारीख ऑगस्टमध्ये होती. चार दिवस आधी पोराला सर्दी झाली, मुंबईच्या पावसात ज्या मुलाला सर्दी होत नाही त्याची तपासणी केली पाहिजे अशी सर्दी. नाक वाहत असताना आणि छातीत खरखर असताना भूल देणं बरं नाही, म्हणून तारीख पुढे गेली. पुढे म्हणजे गणपती. गणपतीत परळला टॅक्सी घेऊन पोहोचायचं म्हणजे आधल्या रात्रीच निघावं लागेल, असं नवरा म्हणाला, ते काही फार चूक नव्हतं. अनंत चतुर्दशी झाल्यानंतरच्या आठवड्यातली तारीख मिळाली. मध्यंतरी विमा कंपनीशी माझा पत्रव्यवहार सुरू होता. त्यांच्या फॉर्मवर प्रश्न होता, हा आजार कधीपासून आहे? डॉक्टरांनी प्रामाणिकपणे लिहिलं, जन्मजात. कंपनीचं म्हणणं पडलं, मुलगा चार वर्षांचा, पॉलिसी तीन वर्षांची, म्हणजे आजार पॉलिसीच्या आधीचा. संध्याकाळच्या गर्दीत, लेडीज डब्यात दाराजवळ लोंबकळत मी कॉल सेंटरच्या मुलाला जांघ, वृषण आणि पिशवी हे शब्द तीनदा मोठ्याने समजावून सांगितले. विक्रोळीला माझ्याभोवती चांगली फूटभर जागा झाली होती. पैसे शेवटी मिळाले, पण "जन्मापासून आहे म्हणजे लपवलं होतं" हा त्यांचा सूर डोक्यात राहिला. आमच्या घराण्याला ते एका अर्थाने लागू होतंच.

पोराला तयार करायचं काम आईने अंगावर घेतलं. गणपतीचेच दिवस, तिने गोष्ट सांगितली. बाप्पाने पोटभर मोदक खाल्ले, उंदरावर बसून रात्री निघाला, वाटेत साप आला, उंदीर बुजला, बाप्पा पडला आणि त्याचं पोट फुटून सगळे मोदक बाहेर आले. मग बाप्पाने मोदक परत आत भरले आणि त्याच सापाचा पट्टा करून पोटाला बांधला. वरून चंद्र हसला, म्हणून बाप्पाने त्याला शाप दिला. ही गोष्ट मी शंभरदा ऐकलेली, पण त्या दिवशी सोफ्यावर मटार सोलता सोलता माझे हात थांबले. पोट फुटणं, आतलं बाहेर येणं, परत आत ढकलणं, वर पट्टा कसणं, आणि बघणाऱ्याचं हसणं. मी बाबांकडे बघितलं. ते टीव्हीकडे बघत होते, टीव्ही बंद होता. पोराने मात्र गोष्टीतून त्याला हवं तेच उचललं. रात्री तो घामाघूम होऊन उठला, "डॉक्टर मला साप बांधणार आहेत?" नाही रे राजा, म्हटलं, दोरा बांधतात, तोही आत, दिसत पण नाही. "मग दुखेल?" जरासं सुईचं, मुंगी चावल्यासारखं. तो विचारात पडला. "चावली की मग ती मरणार?"

बारीक आवाजात मी हो म्हटलं.

त्याच दिवसांत रात्ररात्र मोबाईलवर मी भुलीबद्दल वाचत होते. ऑपरेशनपेक्षा मला तिचीच भीती जास्त. १८४६ साली बॉस्टनमध्ये ईथर देऊन पहिल्यांदा सगळ्यांसमक्ष शस्त्रक्रिया झाली, त्याआधी माणसाला चार जणांनी धरून ठेवायचे, हे वाचून खरं तर धीर यायला हवा होता. पण रात्री तीन वाजता कुठलंही वाचन धीर देत नाही. शब्दही आपल्याकडे कसा पडलाय बघा. चुकलं तर भूल, भाळलं तर भूल, आणि मास्कमधून देतात तीही भूलच. संमतीपत्रावर सही करताना हे पुन्हा आठवलं. ओळीने काय काय होऊ शकतं ते लिहिलं होतं, रक्तस्राव, जंतुसंसर्ग, वीर्यनलिकेला इजा, क्वचित हर्निया पुन्हा होणं. तळाला "चु. भू. दे. घे." एवढंच छापायचं राहिलं होतं. नातं या रकान्यात लिहिलं, आई. हॉस्पिटलात तसंही दिवसभर सगळे मला आईच म्हणत होते, वॉचमनपासून भूलतज्ज्ञापर्यंत.

पहाटे साडेपाचला भांडुपहून टॅक्सी केली. दूध रात्री दोनपर्यंत चालेल, पाणी साडेसहापर्यंत, अशी सूचना होती. म्हणून पावणेदोनला त्याला झोपेतच उठवून कपभर दूध पाजलं होतं, बरोबर साडेसहाला गेटबाहेर गाडीतच दोन घोट पाणी. परळच्या त्या फुटपाथवर नेहमीची माणसं झोपलेली होती, प्लास्टिकच्या चादरी, स्टोव्ह, एक्स-रेची मोठी पाकिटं उशाशी. एक बाई उठून पोराचं तोंड धूत होती, पोराच्या डोक्यावर एकही केस नव्हता. माझ्या अर्ध्या तासाच्या ऑपरेशनची मला लाज वाटली. लाज वाटली म्हणून काळजी काही कमी झाली नाही, एवढंच सांगते.

आमचा नंबर साडेआठचा, पण आधी एक तीन महिन्यांचं बाळ घेतलं. सगळ्यात लहान असेल ते आधी, असा तिथला क्रम, आणि तो बरोबरच आहे. भुकेल्या चार वर्षांच्या मुलाला तो समजावणं वेगळं. त्याने आधी बिस्कीट मागितलं, मग अर्धं बिस्कीट, मग बिस्किटाचा फक्त वास. नऊ वाजता नवरा "जरा फोन करून येतो" म्हणून खाली गेला. परत आला तर पोर त्याच्या मांडीवर चढलं, तोंडाजवळ नाक नेलं आणि म्हणालं, "बाबा, वडापाव." नवऱ्याचा तो चेहरा मी आयुष्यभर विसरणार नाही. बाकावर शेजारी बसलेली जालन्याची बाई तोंडाला पदर लावून हसली, मग म्हणाली, "खाऊ द्या हो त्यांना, बापाला भूक लागतीच." तिचा मुलगा आत होता, त्याचं तिसरं ऑपरेशन. कसलं ते तिने सांगितलं नाही, मी विचारलं नाही.

पावणेदहाला सिस्टरने त्याच्या हाताच्या पाठीवरची चिकटपट्टी काढली. तासाभरापूर्वी तिथे त्वचा बधिर करायचं पांढरं मलम लावून ठेवलं होतं. मल्याळी सिस्टर, मराठी मोजून बोलणारी. "मुंगी, फक्त मुंगी," ती म्हणाली, आणि खरंच सुई आत गेली तरी त्याला कळलं नाही. तो माझ्याकडे बघून इतका खूश झाला! मुंगीची गोष्ट खरी निघाली होती. त्याच भरात त्याने, आत नेताना, हिरव्या टोपीतून माझे कान शोधत विचारलं, "आता अजिबात नाही ना दुखणार?" मी टोपी आणि मास्क घालून त्याला कडेवर घेतलं होतं. आत गार होतं, दिवे पांढरे. "नाही," मी म्हटलं. अजिबात नाही. जे मला माहीत नव्हतं ते मी छातीठोक सांगितलं. भूलतज्ज्ञ बाईंनी मास्कला स्ट्रॉबेरीचा वास लावलाय म्हणून सांगितलं, त्याने एकदा हुंगलं, नाक मुरडलं, दुसऱ्या श्वासाला काहीतरी बोलायला गेला, आणि तिसऱ्याला त्याची मान माझ्या दंडावर पडली. डोळे अर्धवट उघडेच. झोपलेल्या लेकराचं वजन मला माहीत आहे, चार वर्षं रोज उचललंय. हे वजन ते नव्हतं. "आई, आता बाहेर थांबा," कुणीतरी म्हणालं.

पन्नास मिनिटं. बाहेरच्या भिंतीवर पोलिओच्या डोसाचं पोस्टर होतं, ते मला पाठ झालं.

डॉक्टर बाहेर आले, "छान झालं" म्हणाले. मला वाटलं संपलं. सगळं ऑपरेशनबद्दल वाचलेलं, पण शुद्धीवर येण्याबद्दल कुणी मला नीट सांगितलं नव्हतं, किंवा सांगितलं असेल आणि मी ऐकलं नसेल. आतून किंकाळी आली. तो पाय झाडत होता, सलाईनची नळी ओढत होता, डोळे उघडे पण माझ्यावर ठरत नव्हते. मी त्याला उचलून छातीशी धरलं तर मला ढकलत, मला बोचकारत ओरडत होता, "आई पाहिजे! मला आई पाहिजे!" मी इथेच आहे रे सोन्या, मीच आई. "तू नको! आई पाहिजे!" सिस्टर म्हणाली, भूल उतरताना काही मुलं असं करतात, त्याला नंतर आठवणारही नाही. वीस मिनिटं हे चाललं. घड्याळ समोर होतं म्हणून वीस म्हणते. त्याला खरोखर काही आठवत नाही, मी हळूच विचारून बघितलंय. आठवतंय ते मला. आपल्याच कुशीत असलेलं मूल आपल्यालाच हाक मारतंय आणि आपण त्याला सापडत नाही, ही गोष्ट मी अजून नवऱ्यालाही पूर्ण सांगितलेली नाही. तो तेव्हा खाली औषधं आणायला गेला होता.

मग तो झोपला, उठला, पाणी प्यायला, पार्ले-जीचा अख्खा पुडा संपवला आणि विचारलं की साप कुठाय. पाठीच्या कण्याच्या तळाशी दिलेल्या इंजेक्शनचा असर होता तोवर स्वारी खुशीत. संध्याकाळी घरी आलो, सातच्या सुमारास तो असर गेला. डॉक्टरांनी सिरप आधीच द्यायला सांगितलं होतं, मी वेळ थोडी चुकवली. तो पलंगावर अगदी गप्प झाला. रडला नाही. पाय न हलवता, छताकडे बघत म्हणाला, "मुंगी अजून चावतेय." आणि थोड्या वेळाने, "तू म्हणाली होतीस दुखणार नाही." तक्रारीचा सूर नव्हता. दुकानातून आणलेल्या वस्तूवरची किंमत आणि बिलावरची किंमत जुळत नाही, हे जसं आपण नुसतं सांगतो, तसं सांगितलं. तक्रार केली असती तर मी समजूत काढली असती.

तिसऱ्या दिवशी तो सोफ्यावर उड्या मारत होता आणि त्याला खाली बसवणं हेच खरं ऑपरेशनोत्तर काम झालं. त्या दिवशी बाबा आले. लालबागहून दोन गाड्या बदलून, हातात पेरू. नातवाने लगेच चड्डी खाली करून पट्टी दाखवली, त्याला त्यात काहीच वाटत नाही. बाबा जरा वेळ बघत राहिले. मग त्याचा हात धरून आतल्या खोलीत गेले आणि दार लोटून घेतलं. माझ्या जन्मात मी त्यांना असं दार लोटताना बघितलं नव्हतं, आमच्या खोलीला आत-बाहेर नव्हतंच. आतून पोराचा आवाज आला, "बापरे!" मग दोघांचं हसणं. मी ओट्यापाशी उभी होते, कुकरची शिट्टी होऊ नये म्हणून गॅस बारीक केला. बाहेर आल्यावर पोराने जाहीर केलं, "आजोबांचं माझ्यापेक्षा खूप मोठं आहे. इथपासून इथपर्यंत." बाबा खुर्चीत बसून पेरू कापायला लागले. "आणि आजोबांना पट्टा होता. पण तरी दुखायचं. आजोबा म्हणाले लई दुखायचं, रोज." बाबांनी मान वर केली नाही. आई मीठ-तिखट आणायला म्हणून उठली आणि बराच वेळ आतच राहिली. पस्तीस वर्षांत जे आम्हा तिघा भावंडांना आणि बहुधा तिलाही ऐकायला मिळालं नाही, ते त्या चार वर्षांच्या माणसाला दोन मिनिटांत मिळालं होतं. त्याने नुसतं विचारलं असणार, दुखलं का. आम्ही कधी विचारलंच नव्हतं, गॅस झाला होता म्हणून.

टाके आपोआप विरघळले. आता जांघेच्या घडीत एक गुलाबी रेघ आहे, आंघोळीच्या वेळी शोधावी लागते. माझा हात अजून सवयीने तिथे जातो, तर तो म्हणतो, "गेली ती."

तर परवा जिन्यात तो वाकून मेलेली मुंगी शोधत होता. वरच्या मजल्यावर कुणाकडे तरी लसणाची फोडणी पडली होती, पिशवीतली मेथी माझ्या मनगटावर ओली लागत होती. मी पिशवी खाली ठेवली, पर्स ठेवली आणि पायरीवर बसले. "नाही मेली रे मुंगी. लागलं का? बघू." त्याने गुडघा पुढे केला. "दुखतंय?" हो. "खूप?" त्याने गुडघ्याकडे बघितलं, जरा वाकवून बघितला, सरळ केला, आणि पूर्ण विचार करून सांगितलं, "मीडियम."

घरी जाऊन धुऊया म्हटलं. तो उठला. उखडलेल्या फरशीच्या फटीतून मुंग्यांची एक खरीखुरी रांग कठड्याकडे चालली होती, मघाशी दोघांनाही दिसली नव्हती. "थांब," तो मला म्हणाला, आणि दुखरा पाय उंच उचलून रांगेच्या पलीकडे ठेवला.